यादीत नसलेला दोनशे बारा

१

मंगळवारी सकाळी सव्वानऊला बाउक्येचा फोन आला, तेव्हा वीत्स्के हूकेमा स्वयंपाकघरात उभ्यानंच ताक पीत होती.

"लॅपटॉप घे आणि ये," बाउक्ये म्हणाली. "सायकलनंच ये, बसची वाट बघत बसू नकोस."

"अगं, झालं काय?"

"फेन्नाच्या प्रबंधावर चोरीचा आळ आलाय. आणि तुझंही नाव निघतंय."

एवढं बोलून तिनं फोन ठेवला. बाउक्ये एकतीस वर्षं विद्यापीठाची चोपदार होती. काळा झगा घालायचा, चांदीच्या मुठीचा दंड घेऊन प्राध्यापकांच्या पुढं चालायचं, त्यांना सभागृहात बसवायचं आणि प्रबंधाच्या जाहीर परीक्षेची पंचेचाळीस मिनिटं भरली की दारातून आत येऊन दंड आपटून 'होरा एस्त' म्हणायचं. म्हणजे वेळ झाली. मग बोलणारा कितीही मोठा असो, वाक्य अर्धं टाकून गप्प बसायचं. सेकंदाचीही चूक कधी झाली नव्हती. अशी बाई उगाच फोन करत नाही.

वीत्स्केचा धंदा अक्षरजुळणीचा. हार्डेरवाउडे विद्यापीठातल्या विद्वानांचे प्रबंध लाटेक या सॉफ्टवेअरमध्ये बसवून, त्यांचे संदर्भ आणि याद्या नीट लावून, छापखान्यात पाठवायचं काम ती चोवीस वर्षं करत होती. विद्वानांबद्दल तिचं मत फार वाईट होतं. त्यांची कच्ची हस्तलिखितं बघितलेल्या कुणाचंही तेच होईल, असं ती म्हणायची.

सभागृहामागच्या खोलीत चौघं होती. रेक्टरांच्या वतीनं अध्यक्षपदी बसणारे टेर होर्स्ट खिडकीशी उभे होते, पाऊस बघितल्यासारखं करत. बाहेर पाऊस नव्हता. टेबलाशी फेन्नाचे मार्गदर्शक, प्राध्यापक हेसल फान राउटेनबुर्ख. त्यांच्या शेजारी सहमार्गदर्शक आलेइदा ओस्टरहोफ. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर फेन्ना त्यार्डा, नवा निळा ड्रेस घालून, रडून रडून नाक लाल झालेली.

टेर होर्स्टनी एक कागद पुढं केला. निनावी होता. सकाळी त्यांच्या टपालाच्या खणात सापडलेला.

'फेन्ना त्यार्डाच्या पुस्तकाचं चौथं प्रकरण दाउत्स्ये विआर्दाच्या अहवालावर उभं आहे. दाउत्स्येचं नाव पुस्तकात एकदाही नाही. मेलेल्या माणसाला लुटताना लाज कशी वाटली नाही?'

सोबत त्या अहवालाच्या एका पानाची झेरॉक्स. टाइप केलेलं पान, खाली आकडा अठ्ठ्याऐंशी, वर 'डी. एच. विआर्दा, २०१४'.

"मी तिचा अकरा वेळा संदर्भ दिलाय!" फेन्ना ओरडली. "अकरा वेळा! पान क्रमांकासकट!"

"पुस्तकात एकदाही नाही," टेर होर्स्ट म्हणाले. "मी स्वतः याद्या बघितल्या."

फान राउटेनबुर्खनी फेन्नाच्या खांद्यावर हात ठेवला. मोठे देखणे गृहस्थ. पांढरे केस, मऊ आवाज, खिशाला फाउंटन पेन. "पोरीला दोष देऊ नका हो. एखादा टॅग द्यायचा राहिला असेल, दोन याद्यांपैकी एकीतही नोंद आली नसेल. जुळणी करणाऱ्यांच्या हातून होतं असं कधीकधी. काय वीत्स्के?"

"माझ्या हातून होत नाही," वीत्स्के म्हणाली.

"अर्थात, मला त्यातलं काही कळत नाही. मी अजून पेननं लिहिणारा माणूस."

"परीक्षा पावणेदोनला आहे," टेर होर्स्ट घड्याळाकडे बघत म्हणाले. "एक वाजेपर्यंत समाधानकारक खुलासा झाला नाही, तर मी ती रद्द करतो. चोरीच्या कारणानं. मग पुढं या मुलीला कुठलं विद्यापीठ दारात उभं करेल, ते मी सांगायला नको."

"माझे बाबा पहिल्या बोटीनं निघालेत बेटावरून," फेन्ना पुटपुटली.

२

वीत्स्केनं फेन्नाला उठवलं आणि शेजारच्या झगे ठेवायच्या खोलीत नेलं. बाउक्येनं तिथं दोन खुर्च्या आणि कॉफी आणून ठेवली होती. प्रत्येकी एक बिस्किट, डबा परत बंद.

"पुस्तक आल्यावर उघडून बघितलंस?" वीत्स्केनं विचारलं.

"मुखपृष्ठ बघितलं. आभाराचं पान बघितलं. बाकी बघायची भीती वाटली. छापून आल्यावर चूक सापडली तर काय करायचं?"

"बरं केलंस. आता सांग, अकरा ठिकाणं कुठली?"

फेन्नाला ती पाठ होती. तिचा विषय समुद्राच्या बांधांचं लाकूड पोखरणाऱ्या किड्याचा. तीनशे वर्षांपूर्वी या किड्यानं किनाऱ्याचे बांध आतून पोकळ केले, आणि बांधांच्या मंडळातल्या बड्या लोकांनी सांगितलं की आम्हाला काहीच कल्पना नव्हती. दाउत्स्ये विआर्दानं दोन वर्षं दप्तरं धुंडाळून सुतारांची पत्रं शोधली होती. सुतारांनी आधीच कळवलं होतं आणि बड्यांनी ती पत्रं दडपली होती. तिचा तो अहवाल कधी छापला गेला नाही. चार वर्षांपूर्वी ती आजारानं गेली. फेन्नानं तिला कधी पाहिलंही नव्हतं. एका कपाटात अहवाल सापडला आणि तिनं त्यावर पुढचं काम केलं.

वीत्स्केनं पुस्तक उघडलं. पान १०९. फेन्नानं सांगितलेल्या वाक्याच्या शेवटी चौकटी कंसात संदर्भ होता: १६३, पृ. ८८.

"संदर्भ आहे की."

"माझा नाहीये हा!" फेन्ना वाकून बघत म्हणाली. "एकशे त्रेसष्ट कोण?"

वीत्स्केनं मागची यादी उघडली. १६३: फान राउटेनबुर्ख, हेसल. २०१६ सालचा लेख. ज्याच्यावर त्यांचं सगळं नाव उभं होतं, तोच. सुतारांच्या पत्रांचा शोध लावणारा.

पुढची जागा: १६३, पृ. ९१. त्याच्या पुढची: १६३, पृ. १०४. अकराही ठिकाणी एकशे त्रेसष्ट. वीत्स्केनं कॉफी बाजूला सरकवली.

"फेन्ना, तुझ्या सरांचा हा लेख नियतकालिकात किती पानांवर आहे, माहितीय?"

"नाही."

"यादीतच दिलंय. अकरा ते चौतीस." तिनं पुस्तक मिटलं. "मग या लेखाचं अठ्ठ्याऐंशीवं पान आलं कुठून?"

३

चोराला घाई असते. त्यानं फाइंड-रिप्लेस मारून विआर्दाच्या जागी राउटेनबुर्ख बसवले होते आणि पानांचे आकडे तसेच सोडून दिले होते. विआर्दाचा अहवाल एकशे चाळीस पानांचा, त्यामुळे आकडे तिला बरोबर लागू पडत होते आणि प्राध्यापकांना अजिबात नाही. फेन्नानं संदर्भ दिले होते, हे एवढ्यानंच सिद्ध होत होतं.

"पण हे तर मीच केलं असंही म्हणतील," फेन्ना म्हणाली. "सरांना खूश करायला मीच तिचं नाव काढलं असं."

"म्हणतील. गप्प बस जरा, मला मोजू दे."

वीत्स्केनं मागच्या दोन्ही याद्या समोर ठेवल्या. एक छापील ग्रंथांची, दुसरी अप्रकाशित साधनांची: पत्रं, दप्तरं, अहवाल. याद्या दोन असल्या तरी क्रमांक सलग, आडनावांच्या रोमन अक्षरक्रमानं. म्हणजे पहिल्या यादीत १, २, ५ असतील तर ३ आणि ४ दुसऱ्या यादीत. दिसायला विचित्र दिसतं, पण एक आकडा सगळ्या पुस्तकात एकाच ठिकाणी सापडतो, म्हणून वीत्स्केचा तो हट्ट होता. शुक्रवारी, छपाईला पाठवायच्या दिवशी, फान राउटेनबुर्खनी फोन करून विनवलं होतं की प्रत्येक यादीला स्वतंत्र एकपासून आकडे द्या, बरं दिसेल. तिनं साफ नाही म्हटलं होतं. त्यांची नेहमीची नाटकं, असं तिला वाटलं होतं.

आता ती पेन्सिलीनं एकेक आकडा दोन्ही याद्यांत शोधून खूण करत गेली. दोनशे दहा, पहिलीत. दोनशे अकरा, वेस्त्रा, दुसरीत. दोनशे तेरा, विजबेंगा, पहिलीत.

दोनशे बारा कुठंच नव्हता.

"वेस्त्रा आणि विजबेंगा," ती फेन्नाला म्हणाली. "W-e आणि W-i-j. रोमन क्रमात या दोघांच्या मध्ये कोण बसतं?"

"विआर्दा," फेन्ना म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली.

वीत्स्केनं लॅपटॉपवर छपाईला गेलेली फाइल उघडली. विआर्दाची नोंद होती. शीर्षक होतं, साल होतं, सगळं होतं. फक्त टॅग नव्हता. वीत्स्केच्या पद्धतीत प्रत्येक नोंदीला एक टॅग असायचा, तो बघून सॉफ्टवेअर ठरवायचं की नोंद या यादीत घालायची की त्या. टॅगच काढून टाकला तर नोंद कुठल्याच यादीत जात नाही. आणि सॉफ्टवेअर तोंडातून अवाक्षर काढत नाही. नोंद पुसली असती आणि तिचा संदर्भ कुठं उरला असता, तर ठळक अक्षरांत इशारा आला असता.

इथंच तिला स्वतःचीच शिसारी आली. एकही इशारा शिल्लक असेल तर ती पुस्तक छापायला देत नसे. याची ती गावभर फुशारकी मारायची. शुक्रवारी इशारा नव्हता. तिनं याद्या मोजल्या नाहीत आणि पुस्तक धाडून दिलं.

"पण संदर्भ असल्याशिवाय नोंदीला आकडा पडत नाही. तिचा एकही संदर्भ उरला नाही, तर तिला आकडा मिळाला कसा?" तिनं स्वतःशीच विचारलं.

फेन्नानं नाक पुसलं. "आभाराच्या पानावर."

"तिथं तिचं नाव नाही."

"मला तिचे आभार मानायचे होते. सर म्हणाले, कधी न भेटलेल्या बाईचे आभार काय मानतेस, नाटकी दिसतं. म्हणून मी तिथं मूक संदर्भ टाकला. पानावर काही छापलं जात नाही, नोंद फक्त यादीत येते. म्हटलं, पहिल्या पानापासून ती असू दे. कुणाला कळणार नाही."

चोरानं मजकुरातले अकरा संदर्भ बदलले, तरी नाव यादीत दिसत राहिलं. का, ते त्याला कळेना, कारण मूक संदर्भ पानावर दिसतच नाही. मग त्यानं टॅग काढला. नाव गेलं. आकडा मात्र राहिला.

"फाइल कुणी कुणी उघडली?" ती म्हणाली. तिनं बदलांची नोंद बघितली. गुरुवारी दुपारी. खातं एकच: विभागाचं. फेन्ना, दोघे मार्गदर्शक आणि विभागातला रुत्खर बेइमा, असे चौघं काटकसर म्हणून एकच खातं वापरायचे, एकच पासवर्ड, आणि तो ओस्टरहोफबाईंच्या दारावर आतून चिकटवलेला.

४

आलेइदा ओस्टरहोफ आपल्या खोलीत चीज-पाव खात बसल्या होत्या. अकरा वाजून गेले होते.

"मला विचारायला आलात?" त्या म्हणाल्या. "टॅग मीच दिलेत सगळे. तुम्हीच शिकवलंत."

"विआर्दालाही?"

"तिलाही. अप्रकाशितचा."

"तो काढला गेलाय."

पाव खाली ठेवायला त्यांना जरा वेळ लागला. "मी नाही काढला."

"राउटेनबुर्खांचा दोन हजार सोळाचा लेख विआर्दाच्या अहवालातून आलाय, हे तुम्हाला माहीत होतं?"

ओस्टरहोफबाईंनी उठून दार लावलं. दारावरचा पासवर्डचा कागद हलला. "सगळ्या विभागाला माहीत होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दाउत्स्ये त्यांच्याच हाताखाली होती. तिची नेमणूक वाढवली नाही, अहवाल कपाटात गेला, दोन वर्षांनी लेख आला. तेव्हा मला कायमची नोकरी मिळायची होती हो. नंतर ती आजारी पडली. मग म्हटलं, आता बोलून काय उपयोग?"

"आणि आता? फेन्ना बुडतेय ती?"

"मी बोलले तर माझं काय?" त्या म्हणाल्या आणि पुन्हा पाव उचलला. वीत्स्केला त्या पावाचा वाससुद्धा नकोसा झाला. ती बाहेर आली.

रुत्खर बेइमा खाली सायकलींपाशी सापडला. तिशीतला, मनुकांचा पाव चघळत होता. फेन्नाची परीक्षा झाली की विभागात एक जागा भरायची होती आणि ती या दोघांपैकी एकाला मिळणार होती.

"मीच संशयित, नाही का?" तो हसला. "मी केलं असतं तर अकरा ठिकाणी माझा लेख घातला असता. म्हाताऱ्याची सेवा कशाला करू?"

"टॅग काढला की नोंद दोन्ही याद्यांतून जाते, हे तुला ठाऊक आहे?"

"अर्थात. मीच म्हाताऱ्याला शिकवलं ते."

वीत्स्के थांबली. "कुणाला?"

"फान राउटेनबुर्खांना. गेल्या वर्षी. त्यांच्या एका जुन्या लेखावरून बोंब झाली होती ना, तो त्यांना स्वतःच्या लेखनाच्या यादीतून दिसेनासा करायचा होता. म्हटलं, पुसू नका, टॅग काढा, कुणाला पत्ता लागत नाही. अर्ध्या तासात शिकले. फाउंटन पेन कसलं घेऊन बसलात! माझ्यापेक्षा भराभर टाइप करतात."

"हे तू सकाळपासून कुणाला सांगितलं नाहीस."

"मला कुणी विचारलं नाही," तो म्हणाला, आणि उरलेला पाव तोंडात कोंबला. "आणि परीक्षा रद्द झाली तर मला वाईट वाटेल असं नाही."

"शी," वीत्स्के त्याच्या तोंडावर म्हणाली. हिशेब जुळला होता. पण हे लोक वर जाऊन खरं बोलतील, यावर तिचा विश्वास नव्हता. बारा वीस झाले होते.

५

वर खोलीत टेर होर्स्ट, फान राउटेनबुर्ख आणि फेन्ना होती. वीत्स्केनं दार लावलं, पुस्तक टेबलावर आपटलं आणि बसायलाही थांबली नाही.

अकरा ठिकाणचे १६३ दाखवले. चौतीसाव्या पानावर संपणाऱ्या लेखाचं अठ्ठ्याऐंशीवं पान दाखवलं. दोनशे बाराचा खड्डा दाखवला. काढलेला टॅग दाखवला. टेर होर्स्टचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"म्हणजे कुणीतरी केलंय," ते म्हणाले.

"कुणीतरी नाही. हेसल, सकाळी सव्वादहाला तुम्ही या खोलीत काय म्हणालात? 'टॅग द्यायचा राहिला असेल, दोन याद्यांपैकी एकीतही नोंद आली नसेल.' तेव्हा फाइल कुणी उघडलीसुद्धा नव्हती. सगळे समजत होते की पोरीनं नाव घातलंच नाही. मीही तेच समजत होते. टॅग गेलाय हे त्या वेळी एकाच माणसाला ठाऊक होतं, ज्यानं तो काढला त्याला. आणि शुक्रवारी फोन करून तुम्हीच विनवत होतात, याद्यांना वेगळे आकडे द्या म्हणून. मी ऐकलं असतं तर दोनशे बाराचा खड्डा दिसलाच नसता."

"मला यातलं काही कळत नाही, हे सगळ्यांना—"

"बेइमानं शिकवलंय तुम्हाला. तुमचाच एक लेख लपवायला."

फान राउटेनबुर्खनी खिशातलं पेन काढलं, बघितलं, परत ठेवलं. मग मऊ आवाजात म्हणाले, "गेल्या आठवड्यात मी प्रबंध पहिल्यांदा नीट वाचला. इतकी कामं असतात. माझ्याच विद्यार्थिनीच्या पुस्तकात अकरा वेळा ते नाव, पान क्रमांकासकट! लोकांनी अहवाल आणि माझा लेख शेजारी ठेवून बघितले असते. शेवटी विआर्दा माझीच विद्यार्थिनी होती, तिचं काम ते आमच्या गटाचं काम. फेन्नाचं नुकसान व्हावं असं माझ्या मनात नव्हतं. तिला काही फरक पडला नसता, हे चिठ्ठीवाल्यानं केलं."

माफी नाही. खंत नाही. पहिल्यांदा नीट वाचला म्हणे! आणि आधीच्या मसुद्यांवर सह्या कुणाच्या होत्या? वीत्स्केला वाटलं, खिडकी उघडावी.

टेर होर्स्ट खुर्चीत बसले. "सभागृहात दोनशे माणसं येणार आहेत. बाहेरचे परीक्षक आलेत, जेवण ठरलंय. हे आज बाहेर पडलं तर वर्तमानपत्रं विद्यापीठ सोलून काढतील. असं करू. परीक्षा होईल. हेसल मार्गदर्शक म्हणून बसतील. वीत्स्के, तुम्ही दुरुस्तीचा एक सुटा कागद छापा. वर लिहा, 'अक्षरजुळणीतील चुकीमुळे'. बाकीचं आपण नंतर समितीत शांतपणे बघू. आणि फेन्ना, तू यावर काही बोलायचं नाहीस. बोललीस तर परीक्षा तिथंच थांबवीन."

"म्हणजे चोर मीच ठरायचं?" वीत्स्के म्हणाली. "कागद छापते. पण चूक हा शब्द छापणार नाही. चूक झालेलीच नाही इथं."

"मग काही लिहू नका. नुसत्या दुरुस्त्या द्या." त्यांनी घड्याळ बघितलं. "फेन्ना, कबूल?"

फेन्नानं मान हलवली. खाली बघून.

झग्यांच्या खोलीत बाउक्ये आणि वीत्स्के दोनशे कागद पुस्तकांत घालत बसल्या. 'पान १०९: १६३ ऐवजी २१२ वाचावे.' असं अकरा वेळा. शेवटी दोनशे बारावी नोंद, पूर्ण. वीत्स्केनं घडलेलं सगळं सांगितलं. बाउक्येचे हात मध्येच थांबले.

"चिठ्ठी तू लिहिलीस," वीत्स्के म्हणाली. "अहवालावर डी. एच. आहे. विभागातल्यांना खरा चोर ठाऊक होता. विभागाबाहेर तिला दाउत्स्ये म्हणणारं कोण असणार, आणि टपालाचे खण सकाळी उघडतं कोण?"

"माझ्या बहिणीची मुलगी," बाउक्ये म्हणाली. "अहवालाची प्रत माझ्या घरी आहे. पुस्तक आलं, मी रात्रभर नाव शोधलं. नाही सापडलं. मला वाटलं, या पोरीनं खाल्लं. इतकी वर्षं त्या माणसाच्या पुढं दंड घेऊन चालले गं मी, आणि बोट दाखवलं ते या पोरीवर. तिला रडताना बघितलं आणि तुला फोन केला." तिनं तोंड पुसलं. "काय करून बसले मी!"

"कागद घाल," वीत्स्के म्हणाली. तिला दुसरं काही सुचलं नाही.

६

पावणेदोनला बाउक्ये दंड घेऊन पुढं आणि झगे घातलेली समिती मागं, अशी वरात सभागृहात शिरली. फान राउटेनबुर्ख मधोमध चालत होते, ओळखीच्यांना मान डोलावत. तिसऱ्या रांगेत फेन्नाचे बाबा बसले होते, रापलेला चेहरा, उसना वाटावा असा कोट. वीत्स्के मागं भिंतीला टेकून उभी राहिली.

फेन्ना चांगली बोलत होती. लाकूड, मीठ, किडा, सुतारांची पत्रं. उत्तरं चोख होती. ओस्टरहोफबाईंनी एक बिनधोक प्रश्न विचारला. मग फ्लँडर्सहून आलेले म्हातारे परीक्षक कुपेन्स उठले. त्यांच्या हातात सुटा कागद होता.

"बाई, मला एक कळत नाही. इथं अकरा वेळा एकच दुरुस्ती आहे. एकशे त्रेसष्ट ऐवजी दोनशे बारा. एकशे त्रेसष्ट म्हणजे आपले मार्गदर्शक. दोनशे बारा म्हणजे एक बाई, जिचं नाव मी आजवर ऐकलं नव्हतं. एकदा झालं तर चूक म्हणतात. अकरा वेळा झालं त्याला काय म्हणतात?"

टेर होर्स्ट पुढं वाकले. फेन्नानं त्यांच्याकडे बघितलं, मग फान राउटेनबुर्खांकडे.

"मी सांगतो," फान राउटेनबुर्ख मऊपणे म्हणाले. "तांत्रिक बाब आहे—"

"मी उमेदवाराला विचारलंय," कुपेन्स म्हणाले.

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले. दार उघडलं आणि बाउक्ये आत आली. फान राउटेनबुर्ख खुर्चीत मागं टेकले; त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. आता तिनं दंड आपटायचा, दोन शब्द बोलायचे, की प्रश्न जिथल्या तिथं संपणार होता. उत्तर द्यायची गरजच उरणार नव्हती. एकतीस वर्षांत एक सेकंद चुकला नव्हता.

बाउक्ये मधल्या वाटेवर येऊन उभी राहिली. दंड तिच्या हातात होता. तिनं तो आपटला नाही.

टेर होर्स्टनी तिला खूण केली. ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती फेन्नाकडे बघत होती. सेकंदकाटा एक पूर्ण फेरा मारून गेला. लोक माना वळवून बघायला लागले.

"चोपदार," टेर होर्स्ट दबक्या आवाजात म्हणाले. "वेळ."

"अजून नाही झाली," बाउक्ये म्हणाली. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

फेन्नानं व्यासपीठाची कड धरली. बाबांकडे बघितलं. "याला चोरी म्हणतात," ती म्हणाली. "सुतारांची पत्रं दाउत्स्ये विआर्दानं शोधली. २०१४ साली, या विद्यापीठात, दोन वर्षं खपून. मी तिचं नाव अकरा ठिकाणी लिहिलं होतं. गुरुवारी दुपारी माझ्या मार्गदर्शकांनी ते पुसून तिथं स्वतःचं नाव घातलं, आणि यादीतूनही तिला काढलं. परीक्षेआधीपासून हे या समितीत तिघांना माहीत आहे. मला गप्प बसायला सांगितलं होतं. नाहीतर पदवी मिळणार नाही म्हणून. नको मिळू दे. बांध आतून पोखरलाय हे ज्यांनी आधी सांगितलं, त्यांचीच पत्रं दडपली, हाच माझा प्रबंध आहे. तो मी खोटं बोलून कसा राखू?"

फान राउटेनबुर्ख उठले आणि तोंड उघडलं. "माझ्या बाजूनं मला दोन शब्द—"

बाउक्येनं दंड उचलला आणि फरशीवर इतक्या जोरात आपटला की पहिल्या रांगेतली माणसं दचकली.

"होरा एस्त," ती म्हणाली.

फान राउटेनबुर्खांचं वाक्य अर्धं राहिलं. नियम सगळ्यांना सारखा. ते उभेच होते, तोंड उघडं, आणि दोनशे माणसं त्यांच्याकडे बघत होती. घड्याळात दोन वाजून चौतीस मिनिटं झाली होती. तिसऱ्या रांगेत फेन्नाचे बाबा सुटा कागद उलगडून शेवटची ओळ, दोनशे बारावी नोंद, बोटानं वाचत होते.